नेपथ्य इतिहासाचं, नियम परीकथेचे

२००३ च्या ऑगस्टमध्ये ‘लायनहार्ट: लेगसी ऑफ द क्रुसेडर’ हा गेम बाजारात आला, तेव्हा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, खेळणाऱ्यांच्या त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. तो बनवला होता रिफ्लेक्सिव्ह एंटरटेनमेंटने, पण त्यावर शिक्का होता इंटरप्लेच्या ब्लॅक आइल स्टुडिओजचा. ‘फॉलआउट’ आणि ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ या गेमशी जोडलेलं हे नाव. पात्र घडवण्यासाठी ‘फॉलआउट’चीच ‘स्पेशल’ ही गुणपद्धत घेतली होती. आणि विषय होता सोळाव्या शतकातला युरोप.

कथेची सुरुवात खऱ्या घटनेतून होते. तिसऱ्या धर्मयुद्धात, २० ऑगस्ट ११९१ रोजी, इंग्लंडचा राजा रिचर्ड याने एकर शहराबाहेर अडीच हजारांहून अधिक मुस्लिम कैद्यांची कत्तल करवली. गेमच्या कल्पनेप्रमाणे या रक्तपातातून एक विधी पार पडतो, जगाला तडा जातो आणि त्यातून जादू आणि दैत्य आत शिरतात. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी, रिचर्डचा वंशज म्हणून खेळाडू बार्सेलोनात उतरतो. या शहरात इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मन्यायालयाचे, अधिकारी आहेत, टेम्पलर आहेत, सलाउद्दीनच्या नावाने चालणारा सरदारांचा पंथ आहे, लपूनछपून जादू करणारे आहेत. सर्व्हान्टेस भेटतो, शेक्सपिअर भेटतो, मॅकियाव्हेली आणि लिओनार्दो दा विंची भेटतात. पहिले काही तास खेळाडू नुसता फिरतो, बोलतो, कोणाची बाजू घ्यायची याचा विचार करतो. एका गटाला दिलेला शब्द दुसऱ्या गटात अडचणीचा ठरतो. धर्म आणि सत्ता यांच्या कात्रीत सापडलेलं शहर कसं असेल, याचा अंदाज येऊ लागतो.

मग शहराची वेस ओलांडली की हे सगळं संपतं. पुढचा प्रवास म्हणजे शत्रूंनी भरलेली मैदानं, गुहा आणि तळघरं. माऊसवर क्लिक करत राहायचं, मारत राहायचं, मेलात तर परत यायचं. ज्यांनी आपल्या पात्राचे पॉइंट संभाषण, सौदा, कुलूप उघडणं यांवर खर्च केले, त्यांना पुढे फारसा वाव उरत नाही. गेमने पहिल्या शहरात एक वचन दिलं आणि दुसऱ्या मुक्कामाला ते मोडलं. इंटरप्लेची आर्थिक स्थिती तेव्हा ढासळलेली होती आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्लॅक आइल बंद पडला, त्यामुळे घाई झाली असणार असं मानायला जागा आहे. पण घाईने फक्त एवढंच सांगितलं, की वेळ कमी पडल्यावर आधी काय गळतं. लढाई शिल्लक राहिली, इतिहास गळाला.

ऐतिहासिक आरपीजींबद्दल गेली तीसहून अधिक वर्षं एकच तक्रार पुन्हापुन्हा होत आली आहे: पाहायला देखणा, वाचायला समृद्ध, खेळायला कंटाळवाणा. वेगवेगळे देश, वेगवेगळी बजेटं, वेगवेगळे काळ, तरी तक्रार तीच. हा योगायोग नाही. या खेळांमध्ये इतिहास बहुतेक वेळा इमारतींत, कपड्यांत, संवादांत आणि नावांत असतो. खेळाडूचे हात ज्यांत गुंतलेले असतात ते नियम मात्र दुसऱ्याच घरातून आलेले असतात. जिथे नियमांनीच इतिहास सांगितला, तिथे गेम खडबडीत असूनही मनात घर करून राहिला. जिथे तो फक्त नेपथ्यात राहिला, तिथे कितीही खर्च करून निराशाच पदरी आली.

नियमांची वंशावळ

हे समजून घ्यायला या प्रकाराच्या जन्माकडे पाहावं लागतं. १९७१ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांनी ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक काढलं. टेबलावर शिशाचे सैनिक मांडून मध्ययुगीन लढाया खेळणाऱ्या हौशी मंडळींसाठी ते होतं. त्याला शेवटी एक पुरवणी जोडली होती: जादूगार, ड्रॅगन आणि वीरपुरुष यांच्यासाठी. त्या पुरवणीत एक वीर म्हणजे चार साध्या सैनिकांच्या बरोबरीचा आणि महावीर म्हणजे आठांच्या बरोबरीचा. डेव्ह आर्नेसनने आपल्या ‘ब्लॅकमूर’ या खेळासाठी हे नियम घेतले, वाढवले, आणि १९७४ मध्ये गायगॅक्स व आर्नेसन यांचं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर आलं. आजची लेव्हल, हिट पॉइंट, अनुभवाचे गुण ही सगळी भाषा तिथून आली.

म्हणजे आरपीजी जन्मला तो इतिहासप्रेमींच्या टेबलावर, पण वाढला पुरवणीतल्या कल्पनेवर. त्या कल्पनेचं मर्म असं, की माणूस खेळता खेळता अनेक माणसांच्या बरोबरीचा होत जातो. आज ज्या शत्रूने तुम्हाला जमिनीवर पाडलं, त्याच्यासारख्या दहांना तुम्ही महिन्याभराने सहज लोळवता. परीकथेत हे शोभतं, कारण परीकथेचा नायक त्यासाठीच असतो. इतिहासातला माणूस असा वाढत नाही. तो अनुभवाने शहाणा होतो, ओळखी जोडतो, पैसा मिळवतो, पद मिळवतो. पण एखाद्या खंदकात ताप आला किंवा मांडीत बाण घुसला, तर चौदा लढाया मारलेला शिलेदारही आठवड्यात जातो. शिवाय त्याची ताकद त्याच्या एकट्याच्या अंगात नसते. ती जमिनीत, नात्यांत, कर्जात, धर्मात आणि कायद्यात असते. परीकथेचा नियम या सगळ्याला एका आकड्यात कोंबतो. ऐतिहासिक आरपीजींमधल्या बहुतेक निराशा या आकड्यापाशी सुरू होतात.

डार्कलँड्सने दाखवलेली वाट

हे फार लवकर ओळखणारा एक गेम होता. १९९२ मध्ये मायक्रोप्रोजने ‘डार्कलँड्स’ काढला. आर्नोल्ड हेंड्रिक हा त्याचा प्रमुख रचनाकार. पंधराव्या शतकातलं पवित्र रोमन साम्राज्य, म्हणजे प्रामुख्याने जर्मन भाषक शहरं आणि त्यांच्यामधली जंगलं, हा त्याचा प्रदेश. यात लेव्हल नव्हत्या आणि ठरावीक वर्गही नव्हते. पात्र घडवताना आधी ते कुठल्या घरात जन्मलं ते ठरवायचं: सरदाराच्या, शहरातल्या श्रीमंताच्या, कारागिराच्या की गरीब शेतकऱ्याच्या. मग पाचपाच वर्षांचे टप्पे: कुठे उमेदवारी केली, कुठे शिपाईगिरी, कुठे मठात वाचन. प्रत्येक टप्प्याने कौशल्य वाढतं, पण वयही वाढतं, आणि वय वाढलं की अंगातला जोर उतरू लागतो. जास्त शिकलेला म्हणजे म्हातारा, ही साधी गोष्ट नियमातच बसवलेली होती.

जादूच्या जागी संत होते. शंभराहून अधिक संतांची माहिती गेममध्ये होती. कोणाची प्रार्थना कशासाठी करायची हे पात्राला शिकावं लागे आणि ती फळण्यासाठी अंगी सदाचार लागे. किमया होती, पण तिला कृती आणि घटकद्रव्यं लागत. जगाबद्दल त्या काळचे लोक जे खरं मानत, ते गेमने खरं मानलं. जंगलात चेटकिणींचा मेळा भरतो असं पंधराव्या शतकातल्या शेतकऱ्याला वाटत असेल, तर इथे तो भरतोच. इतिहासाकडे पाहण्याचा हा मला अतिशय प्रामाणिक मार्ग वाटतो: आपल्या काळाचं शहाणपण न लादता त्या काळाच्या समजुतींना नियमाचं रूप देणं.

तरीही ‘डार्कलँड्स’ खेळणाऱ्यांनी त्या वेळी कपाळाला हात लावला. गेम असंख्य बगसह बाहेर पडला, एकामागून एक दुरुस्त्या निघत राहिल्या. लढाई प्रत्यक्ष वेळेत चाले आणि हवी तेव्हा थांबवता येई, ही कल्पना काळाच्या पुढची होती. पण रस्त्यावरच्या लुटारूंशी होणारी तीच झटापट पुन्हापुन्हा सोसावी लागे. म्हणजे निराशा इथेही होती, फक्त तिचा प्रकार वेगळा होता. ‘लायनहार्ट’ निराश करतो कारण त्याचे नियम त्याच्या विषयाचे नव्हते. ‘डार्कलँड्स’ निराश करतो कारण योग्य नियम नीट बांधून पूर्ण झाले नव्हते. पहिल्या निराशेवर कुठलाही पॅच चालत नाही. दुसरीतून पुढची पिढी शिकू शकते, आणि शिकली.

भव्यतेची किंमत

आता सगळ्यात मोठ्या बजेटच्या टोकाकडे वळू. युबिसॉफ्टची ‘असॅसिन्स क्रीड’ मालिका सुरुवातीला आरपीजी नव्हती. २०१७ च्या ‘ओरिजिन्स’पासून तिने तो वेष घेतला आणि २०१८ च्या ‘ओडिसी’त तो पूर्ण केला. ‘ओडिसी’चा काळ ख्रिस्तपूर्व ४३१, अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाचा आरंभ. रंगवलेली देवळं, रंगवलेले पुतळे, एजियन समुद्रातली बेटं, अथेन्समधली गर्दी हे सारं इतक्या आत्मीयतेने उभं केलेलं आहे, की प्राचीन ग्रीस म्हणजे पांढऱ्या संगमरवराचे भग्न खांब ही आपल्या मनातली प्रतिमा तिथेच पुसली जाते. सॉक्रेटिस वाद घालतो, हेरोडोटस जहाजावर सोबत येतो, पेरिक्लीसच्या घरी मेजवानी असते. या कामावर राबलेल्या चित्रकारांचं आणि अभ्यासकांचं ऋण मान्य केलंच पाहिजे.

आणि मग खेळ सुरू होतो. प्रत्येक शत्रूच्या डोक्यावर एक अंक तरंगतो. तो अंक तुमच्या अंकापेक्षा पुरेसा मोठा असेल, तर पाठीमागून येऊन भाला आरपार घातला तरी तो माणूस मरत नाही. त्याच्या आयुष्याची पट्टी थोडी कमी होते एवढंच. गुपचूप हत्या हा ज्या मालिकेचा पाया, तिच्यातच हत्या फसते, कारण आकडेमोड तसं सांगते. कथा पुढे न्यायची तर लेव्हल वाढवायची, त्यासाठी त्याच धाटणीच्या छावण्या लुटायच्या आणि तीच निरोप्याची कामं करायची. अनुभवाचे गुण लवकर मिळावेत म्हणून गेमच्या दुकानात वेगळे पैसे भरून सवलत विकत घ्यायची सोयही होती. कंटाळा आधी तयार करायचा आणि मग त्यावरचा उतारा विकायचा, असा खेळाडूंचा ग्रह झाला. तो सर्वस्वी चुकीचा होता असं म्हणता येत नाही.

सगळ्यात मोठी संधी हुकली ती युद्धाच्या बाबतीत. हे युद्ध २७ वर्षं चाललं. त्यात अथेन्सची वेस गजबजली, साथीने शहराचा घास घेतला, पेरिक्लीस स्वतः ख्रिस्तपूर्व ४२९ मध्ये गेला, मित्र म्हणवणाऱ्या नगरांची मुस्कटदाबी झाली. गेममध्ये मात्र कुठल्याही प्रदेशात अथेन्सकडून लढावं, जिंकावं, बक्षिसाचं हत्यार घ्यावं आणि थोड्या वेळाने त्याच प्रदेशात स्पार्टाकडून लढावं. झेंड्याचा रंग बदलतो. बाकी जवळजवळ काहीच बदलत नाही. नायक भाडोत्री सैनिक, आणि तशा सैनिकाला बाजूचं सोयरसुतक नसतं, असं समर्थन करता येईल, पण खऱ्या भाडोत्र्याला निदान बदनामीची, थकलेल्या पगाराची आणि जाळलेल्या शेतांची भीती असे. इथे यातलं काही नियमात नाही.

‘ओरिजिन्स’साठी फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि ‘ओडिसी’साठी सप्टेंबर २०१९ मध्ये युबिसॉफ्टने ‘डिस्कव्हरी टूर’ दिली. लढाई काढून टाकलेली, मार्गदर्शकासह फिरता येणारी तीच नगरं. शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी ही मोलाची भेट आहे. पण तिने एक गोष्ट सिद्धही केली. खेळ बाजूला काढला तरी इतिहास तसाच्या तसा उरतो. इतिहास बाजूला काढला तर खेळही तसाच्या तसा उरेल. दोघांची गाठच पडलेली नव्हती. २०२३ मध्ये नवव्या शतकातल्या बगदादवर आलेल्या ‘मिराज’मध्ये युबिसॉफ्टने लेव्हल वगळल्या आणि गेमचा आकार आटोपशीर केला. दुखणं कुठे आहे, हे निर्मात्यांनाही कळलं होतं.

लोहाराच्या पोराची शाळा

याच्या बरोबर उलट टोकाचा प्रयोग प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओजने केला. डॅनिएल वाव्रा याच्या नेतृत्वाखाली बनलेल्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’साठी २०१४ मध्ये किकस्टार्टरवर लोकांनी अकरा लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये गेम आला. जादू नाही, ड्रॅगन नाहीत. १४०३ मधला बोहेमिया, चौथा वेन्सेस्लास आणि त्याचा सावत्र भाऊ सिगिस्मुंड यांच्यातला सत्तेचा झगडा, आणि सिगिस्मुंडच्या फौजेने स्कालित्से गाव जाळल्यावर जीव घेऊन पळालेला हेन्री नावाचा लोहाराचा मुलगा.

हेन्रीला काहीच येत नाही, आणि हे नियमांतून कळतं. त्याला वाचता येत नाही, म्हणून पुस्तक उघडलं की पानावर अक्षरांची सरमिसळ दिसते. लेखनिकाकडे जाऊन शिकल्यावर ती हळूहळू जागेवर येऊ लागते. साक्षरता हा त्या समाजात किती मोठा उंबरठा होता, हे कुठल्याही संवादाशिवाय समजतं. कपडे मळलेले असले की सरदार तुच्छतेने बोलतो. चिलखताचे थर एकावर एक चढवावे लागतात आणि पूर्ण चिलखत घातलेला माणूस तलवारीच्या वाराला दाद देत नाही; त्याला गदाच लागते. एका कामगिरीत हेन्रीला साझावाच्या मठात नवशिका साधू म्हणून राहावं लागतं. घंटा झाली की प्रार्थना, मग जेवण, मग हाताखालचं काम, मग झोप. वेळापत्रक मोडलं की शिक्षा. अनेक खेळाडू या भागाला वैतागले. मला तो या साऱ्या प्रकारातला एक उत्तम प्रसंग वाटतो, कारण मठातला वेळ कसा वागतो हे त्याने खेळाडूच्या अंगवळणी पाडलं.

मग ‘किंगडम कम’ची निराशा कुठली? ती दोन ठिकाणी आहे आणि ती वेगळी काढून पाहिली पाहिजे. पहिली सेव्ह करण्याची. स्वतःहून सेव्ह करायचं, तर मुख्यतः आपल्या पलंगावर झोपावं लागे किंवा ‘सेव्हियर श्नॅप्स’ नावाचं महागडं मद्य प्यावं लागे. परिणामांची भीती वाटावी हा हेतू. पण गेम बगांनी भरलेला असताना, पात्र जिन्यात अडकून तासाभराचा खेळ वाया गेल्यावर, त्या भीतीचा इतिहासाशी काय संबंध उरतो? पुढे ‘सेव्ह करून बाहेर पडा’ ही सोय द्यावी लागली. दुसरी निराशा तलवारबाजीची. दिशा निवडून वार करण्याची पद्धत युरोपातल्या जुन्या तलवार-शास्त्राचा मान राखते आणि सुरुवातीला थरारक वाटते. पण पुढे अचूक वेळी केलेला ‘मास्टर स्ट्राइक’ इतका प्रभावी ठरतो, की शत्रूने वार करावा म्हणून वाट पाहत उभं राहणं हेच शहाणपण होतं. एका माणसाशी द्वंद्व ठीक, चौघांशी गाठ पडली की कॅमेरा आणि हात दोन्ही गोंधळतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात वारांच्या दिशा कमी केल्या, धनुष्याच्या जोडीला क्रॉसबो आणि सुरुवातीच्या हातबंदुका आल्या, आणि कुटेनबर्ग, म्हणजे आजचं कुत्ना होरा, हे चांदीच्या खाणींचं शहर कामाधंद्यासह उभं राहिलं. पहिल्या भागाचा हट्ट सोडला नाही, त्याच्या कडा घासल्या.

इथे एक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही नियम थकवतात आणि थकवताना काहीतरी सांगतात. काही नियम नुसतेच थकवतात. मठाचं वेळापत्रक पहिल्या प्रकारातलं, मद्याची बाटली दुसऱ्या. ‘वास्तववादी’ हा शब्द दोघांसाठी वापरला जातो, आणि त्यामुळे निर्मात्यांची फसगत होते. अडचण म्हणजे इतिहास नव्हे.

कमी पैशातले प्रामाणिक प्रयत्न

लहान स्टुडिओंचा हिशोब थोडक्यात पाहू. डेन्मार्कच्या लॉजिक आर्टिस्ट्सने २०१३ मध्ये ‘एक्स्पिडिशन्स: कॉन्किस्टाडोर’ काढला. सोळाव्या शतकात मेक्सिकोत उतरलेली स्पॅनिश तुकडी खेळाडूच्या हाती. रोज रात्री छावणीत कोण पहारा देणार, कोण शिकार करणार, जखमींवर कोण उपचार करणार हे ठरवायचं. सोबतच्या माणसांचे स्वभाव ठरलेले: कोणी धर्मनिष्ठ, कोणी लोभी, कोणी स्थानिकांचा द्वेष करणारा. तुम्ही एका गावाशी दयेने वागलात तर काहींचं मनोधैर्य वाढतं, काहींचं ढासळतं. विजेत्यांची फौज आतून कशी चालते, हे इथे नियम सांगतात. याच मालिकेतला २०२२ चा ‘रोम’ पुष्कळ देखणा. त्याच्या छोट्या चकमकी उत्तम जमल्या आहेत. पण अख्ख्या लीजनच्या, म्हणजे रोमन पलटणीच्या, लढाया पत्ते निवडण्यापुरत्या उरल्या आणि दर खेपेला तशाच वाटू लागल्या. रोमची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याचं सैन्य, आणि नेमकं तेच सगळ्यात पोकळ निघालं.

चेक भाषेत २००९ मध्ये आणि इंग्रजीत २०१२ मध्ये आलेला ‘इन्क्विझिटर’ हा टोकाचा नमुना. राज्य काल्पनिक, पण धर्मन्यायाधीशाने पुरावे गोळा करणं, आरोप ठेवणं, छळ करून कबुली घेणं हे सगळं मन विषण्ण करणाऱ्या गांभीर्याने लिहिलेलं आहे. त्या लेखनापर्यंत पोचायला मात्र अखंड, रटाळ मारामारीचं जंगल तुडवावं लागतं. लढाई काढून टाकली असती तर तो आजही आवर्जून खेळला गेला असता, असं मला मनापासून वाटतं.

आणि असा गेम पुढे खरोखरच आला. २०२२ मध्ये ऑब्सिडियन स्टुडिओमधल्या जॉश सॉयर याच्या छोट्या चमूने ‘पेंटिमेंट’ काढला. १५१८ मधलं बव्हेरियातलं टासिंग हे गाव, शेजारचा मठ, आणि तिथे हस्तलिखित चितारायला आलेला आंद्रेआस मालर. लढाईची यंत्रणा नाही. खून होतो आणि शोध घ्यायला मोजकाच वेळ असतो. कोणाच्या ताटाला बसून जेवायचं, हा इथला मोठा निर्णय, कारण जेवतानाच माणसं बोलतात आणि दुसऱ्या घरी जायला मग वेळ उरत नाही. शेवटी अपुऱ्या पुराव्यावर कोणाचं तरी नाव घ्यावं लागतं आणि तो माणूस मरतो. खरा गुन्हेगार तोच होता का, हे गेम सांगत नाही. कथा टप्प्याटप्प्याने पंचवीस वर्षं पुढे सरकते तेव्हा त्या निर्णयाच्या खुणा गावातल्या घराघरांत दिसतात. इतिहासकाराची अडचणच इथे खेळाचा नियम झाली आहे: पुरावा अपुरा, वेळ मर्यादित, आणि निर्णय टाळता येत नाही. सॉयर ‘डार्कलँड्स’चा चाहता आहे, हे त्याने अनेकदा सांगितलं आहे. तीस वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेली वाट अशी पुढे गेली.

आपल्याकडे

मराठी वाचकासाठी हा प्रश्न परका नाही. २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठा सत्ता खेळता येते, पण तो डावपेचांचा गेम, त्यात माणसं नाहीत, फौजा आहेत. भूमिका घेऊन जगता येईल असा, आपल्या इतिहासावरचा मोठा आरपीजी अजून झालेला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ काढला. तो आरपीजी नाही आणि ऐतिहासिकही नाही, पुराणकथांवरचा साहसखेळ आहे. किकस्टार्टरवर पैसा उभा न राहूनही हा चमू टिकला, आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळालं. राजस्थानी वाड्यांची घडण आणि भित्तिचित्रांची शैली यांना परदेशी समीक्षकांनी दाद दिली. आणि लढाई तोचतोपणाची वाटते असंही त्यांनीच लिहिलं. पहिल्याच पावलाला आपणही त्याच वळणावर आलो.

उद्या इथे कोणी सतराव्या शतकातल्या दख्खनवर आरपीजी करायला घेतला, तर पहिला मोह असेल गडांचा, तलवारींचा आणि गर्जनांचा. ते सगळं असावं. पण नियम कुठून घ्यायचे? शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा जपून वापरा, आताच उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग शिपाई रयतेच्या घरातून धान्य, लाकूड, भाजी उचलू लागतील. रयत परागंदा होईल आणि तुम्ही तिला मोगलांहून वाईट वाटाल. निष्काळजीपणे विस्तव केला, चिलीम ओढली, दिव्याची जळती वात उंदराने ओढून नेली तरी गवताची गंज पेटेल, इथपर्यंतची काळजी त्यात आहे. साठा, ऋतू, शिस्त, रयतेचा विश्वास आणि एका चुकीतून निघणारी परिणामांची साखळी: एका उत्तम आरपीजीचे नियम या एका पत्रात तयार आहेत. असा गेम खेळणाऱ्याला स्वराज्य म्हणजे काय हे कोणी सांगावं लागणार नाही. चारा संपत आला आणि समोर शेतकऱ्याचं खळं भरलेलं दिसलं, की ते त्यालाच ठरवावं लागेल.

तपासायचं ते कसं

अशा गेमची परीक्षा करताना आपण समीक्षक आणि खेळाडूही एक चूक करत आलो आहोत. चिलखताच्या कड्या बरोबर आहेत का, मंदिराचा रंग बरोबर आहे का, हे पाहून आपण ‘अस्सल’ असं प्रशस्तिपत्र देतो आणि खेळ कंटाळवाणा निघाला की ती वेगळी उणीव म्हणून खाली नोंदवतो. मला या दोन नोंदी वेगळ्या वाटत नाहीत. ‘ओडिसी’तली लेव्हलची चढण कंटाळवाणी आहे, कारण ती ग्रीसबद्दल खोटं बोलते. ‘लायनहार्ट’चा उत्तरार्ध नीरस आहे, कारण बार्सेलोनात ज्या जगाची ओळख झाली त्या जगातला एकही प्रश्न त्याच्या लढायांत उरलेला नाही. वाईट खेळ हा बहुतेक वेळा वाईट इतिहासही असतो.

याचा अर्थ प्रत्येक गेम कठोर वास्तववादी असावा असा नाही. ‘डार्कलँड्स’मध्ये संत चमत्कार करतात आणि तरी तो आपल्या काळाशी इमान राखतो. ‘पेंटिमेंट’मध्ये धावपळ नाही आणि तरी तो श्वास रोखायला लावतो. निर्मात्यांना एवढंच विचारावं, की तुमच्या खेळात खेळाडू दर मिनिटाला जे करतो, ते त्या काळातल्या माणसाला ओळखीचं वाटलं असतं का? त्याची भीती, त्याचं पोट, त्याची पत, त्याचा देव, त्याचं अज्ञान यांतलं काही नियमात आहे का? असेल तर बग सुधारता येतात, कॅमेरा सुधारता येतो, दुसऱ्या भागात कडा घासता येतात. नसेल, तर कितीही कोटी ओतून उभारलेलं शहर दोन दिवसांत फिरून होतं आणि खेळाडू बाहेर पडतो. पैसा असणाऱ्यांना हे परवडेल. आपल्याकडच्या लहान चमूंना परवडणार नाही, म्हणून त्यांनी चित्रकाराच्या आधी नियम रचणाऱ्याला आणि त्याच्या शेजारी इतिहासाच्या अभ्यासकाला बसवावं. कागद आणि फासे यांवर तो खेळ रंगला, तरच पुढचा खर्च करावा.